खाण-सर्वेक्षण, भूमिगत (कोळसा) : चुका व धोके

भूमिगत कोळसा खाणीतील गॅलऱ्या, पिलर, शाफ्ट व जुनी खोदकामे मोजून नकाशावर आणताना होणाऱ्या चुका आणि त्यांतून उद्भवणारे धोके.

दिशेची चूक सर्वांत दगाबाज. पृष्ठभागावरची दिशा खाली नेण्यासाठी शाफ्टमध्ये दोन तारांना जड ओळंबे बांधून सोडतात. झोके थांबावेत म्हणून ओळंबे तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवतात. तरी शाफ्टमधल्या वाऱ्याने तार किंचित ढळतेच. तारांमध्ये ३ मीटर अंतर असताना एक तार आडवी १ मिलिमीटर सरकली, तर कोनात सुमारे ६९ सेकंदांची चूक होते आणि ३ किलोमीटर पुढे तीच चूक १ मीटरची होते. म्हणून जायरोथिओडोलाइट या दिशा मोजणाऱ्या उपकरणाने दिशा स्वतंत्रपणे तपासतात. रूळ व पोलादी टेकूंजवळ होकायंत्र भरवशाचे नसते. छतात ठोकलेले स्टेशन (मोजणीची खूण) छत वाकले की हलते. पुढे सरकणाऱ्या गॅलरीतली मोजणी ज्ञात बिंदूवर आणून जुळवता येत नाही. ती पुन्हा नव्याने करावी लागते.

पण पाणी घुसण्याचे मोठे अपघात घडतात ते बहुधा नकाशावर न आलेल्या खोदकामांमुळे. खाण बंद होताना शेवटच्या मोजणीनंतरही कोळसा काढलेला असू शकतो. त्या पोकळीत पाणी साचते; १०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो भरतो. चासनाला (धनबाद) येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या खोदकामांतले पाणी घुसून ३७५ कामगार मरण पावले. २००१ मध्ये बागडिगी खाणीत असेच २९ कामगार मरण पावले. भारतीय नियमांनुसार जुन्या, न तपासलेल्या खोदकामांपासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही आणि परवानगी मिळाल्यावरही पुढे भोके पाडून चाचपावे लागते. नागपूर-चंद्रपूरच्या भूमिगत खाणींनाही हे बंधन आहे.

जुना नकाशा हाती आला की आधी त्याची तारीख पाहावी. तारीख नसेल तर त्याच्या भरवशावर माणसे खाली पाठवू नयेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील क्वीक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये शेजारच्या बंद सॅक्समन खाणीचा असाच बिनतारखेचा, अपुरा नकाशा वापरला गेला आणि पाणी फुटले. अडकलेले नऊही कामगार सुटकेसाठी पाडलेल्या भोकातून जिवंत वर आले. सॅक्समनचा अखेरचा नकाशा नंतर विंडबर गावच्या संग्रहालयात मिळाला.