‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ : एक गुन्हेपट आणि दुभंगलेला प्रेक्षक

महेश मांजरेकर दिग्दर्शित हा मराठी चित्रपट १४ जानेवारी २०२२ रोजी, ऐन संक्रांतीला प्रदर्शित झाला. मूळ कथा जयंत पवार यांची. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेले मुंबईचे गिरणगाव आणि हिंसेकडे ओढली गेलेली तिथली कोवळी पिढी हा कथेचा विषय. पवारांच्याच ‘अधांतर’ नाटकावरून मांजरेकरांनी पूर्वी ‘लालबाग परळ’ केला होता.

वाद पेटला तो झलकीवरून. अल्पवयीन पात्रांच्या लैंगिक दृश्यांवर राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आक्षेप नोंदवला आणि निर्मात्यांनी ती झलक मागे घेतली. चित्रपटाला ‘प्रौढांसाठी’ प्रमाणपत्र होते, तरीही फेब्रुवारीत माहीम पोलिसांनी पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यांखाली गुन्हा नोंदवला.

प्रेक्षकांत तट पडले. एका गटाला ही गिरणगावाची बदनामी आणि मराठी संस्कृतीवरील आघात वाटला. दुसऱ्याला सोवळ्या मराठी पडद्यावर प्रथमच उतरलेले उघडे वास्तव. या गदारोळात एक तिसरा प्रश्न मागे पडला, आणि माझ्या मते तोच खरा. कागदावरचे मूल शब्दांचे असते. पडद्यावर त्याच्या जागी कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागते. ‘प्रौढांसाठी’चा शिक्का प्रेक्षकाचे वय तपासतो, कलाकाराचे नव्हे. संस्कृतीच्या नावाने ओरडणाऱ्यांनी या रास्त शंकेचीही धार घालवली.

फ्रान्समध्ये असा कलह जुनाच. व्हर्जिनी देपांत आणि कोराली त्रिन ती यांच्या ‘बेझ-म्वा’चा परवाना जून २००० मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला, पुढच्या वर्षी १८ वर्षांखालील प्रेक्षकांना बंदी घालून तो परतला. २००२ च्या कान महोत्सवात गास्पार नोए यांचा ‘ईरेव्हेर्सिब्ल’ सुरू असताना अनेकजण उठून गेले. सूडाची ही कथा उलट्या क्रमाने उलगडते आणि सुरुवातीच्या भागात अतिमंद कंपनाचा ध्वनी प्रेक्षकाला अस्वस्थ करत राहतो. बलात्काराचे दीर्घ दृश्य काहींना हिंसेचा निर्विवाद धिक्कार वाटले, काहींना तिचेच प्रदर्शन. मांजरेकरांच्या चित्रपटातील छाया कदम २०२४ मध्ये कानच्या पडद्यावर दिसल्या त्या भारत-फ्रान्स सहनिर्मितीच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये. तो मात्र सर्वस्वी वेगळ्या, हळुवार जातकुळीचा.

दोह्यात प्रेक्षकांची नाराजी निराळ्या वाटेने परिणाम करते. जानेवारी २०१६ मध्ये ‘द डॅनिश गर्ल’विरुद्ध समाजमाध्यमांवर तक्रारी आल्या, आणि त्याचे खेळ थांबवल्याची घोषणा संस्कृती मंत्रालयाने ट्विटरवरूनच केली. चित्रगृहाबाहेर वाद घालत उभे राहण्याची वेळच येथे फारशी येत नाही. असे चित्रपट इथला मराठी माणूस बघतो ते घरच्या पडद्यावर, मुले झोपल्यानंतर, आवाज कमी करून.