डोळ्याखालील फिलर : सूज व गाठी

डोळ्याखालची खोलगट जागा भरण्यासाठी हायलुरॉनिक आम्लाची जेल टोचल्यावर उद्भवणारा त्रास. सुरुवातीची सूज बहुधा दोन आठवड्यांत ओसरते, थंड शेक आणि उंच उशी पुरते. इथली त्वचा फार पातळ, त्यामुळे वरच्या थरात राहिलेली जेल निळसर फुगवट्यासारखी दिसते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून सकाळी फुगवटा जास्त. घरी चोळून गाठ बसवण्याचा हट्ट नको. हायलुरॉनिडेज या विकराच्या इंजेक्शनने ती विरघळवता येते. उशिरा आलेली लाल, दुखरी गाठ जंतुसंसर्गाची असू शकते. त्वचा पांढरी पडणे, तीव्र वेदना, अंधुक दिसणे ही रक्तवाहिनी तुंबल्याची लक्षणे. अशा वेळी उपचारासाठी दुसऱ्या शहरात जायचे असेल, तर ताबडतोब निघावे.