गर्भाशयाचा कॅन्सर आणि हार्मोन रिसेप्टरची जनुके: रिपोर्टमधील ‘ईआर’ आणि ‘पीआर’ म्हणजे काय?

अकोले, पाथर्डी किंवा शेवगावहून आईला तपासणीसाठी लोणीला किंवा नगरला नेले, बायोप्सी झाली आणि काही दिवसांनी रिपोर्ट हातात आला. त्यात लिहिलेले असते, ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह’. ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून घरचे घाबरतात. मुली विचारतात, “जनुकांचा आजार आहे म्हणजे आम्हालाही होणार का?” या लेखात याच दोन प्रश्नांची उत्तरे पाहू.

आधी एक फरक लक्षात घ्या

गर्भाशयाच्या पिशवीला आतून एक अस्तर असते. दर महिन्याला पाळीत तेच गळून पडते. या लेखातील कॅन्सर या अस्तराचा आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेगळा. तो मुख्यतः एचपीव्ही विषाणूमुळे होतो. मुखासाठी केल्या जाणाऱ्या पॅप चाचणीत अस्तराचा कॅन्सर दिसेलच असे नाही.

हार्मोन रिसेप्टर म्हणजे काय?

हार्मोन ही किल्ली आणि रिसेप्टर हे पेशीतले कुलूप, असे समजा. इस्ट्रोजेन हार्मोनचे कुलूप म्हणजे ईआर आणि प्रोजेस्टेरॉनचे कुलूप म्हणजे पीआर. ही कुलुपे कशी बनवायची याची कृती जनुकांत लिहिलेली असते. ईआरचे मुख्य जनुक (ईएसआर१) सहाव्या गुणसूत्रावर आणि पीआरचे जनुक (पीजीआर) अकराव्या गुणसूत्रावर असते. ही जनुके प्रत्येक स्त्रीत असतात. ती असणे हा आजार नव्हे.

इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरचा शोधही गर्भाशयातूनच लागला. अमेरिकन शास्त्रज्ञ एलवूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा गर्भाशयाच्या पेशी इस्ट्रोजेनला धरून ठेवतात असे त्यांना दिसले.

कॅन्सर कसा सुरू होतो?

इस्ट्रोजेन अस्तराच्या पेशींना वाढायला सांगते. त्याच वेळी ते पीआरचे जनुकही चालू करते. मग प्रोजेस्टेरॉन येते आणि वाढीला लगाम घालते. हा तोल टिकला की अस्तर नीट राहते.

तोल बिघडण्याची नेहमीची कारणे अशी:

- जास्त वजन. पाळी गेल्यावर अंडाशयात इस्ट्रोजेन फारसे बनत नाही, पण शरीरातील चरबीत बनत राहते.
- पीसीओएस किंवा महिनोन्महिने पाळी न येणे. अंडे बाहेर न पडल्याने प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही.
- फक्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनची जोड नसताना.
- टॅमॉक्सिफेन. स्तनाच्या कॅन्सरवरील हे औषध अस्तरावर मात्र इस्ट्रोजेनसारखे काम करते. तरीही ते स्वतःहून बंद करू नका. बहुतेक रुग्णांत त्याचा फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो.

पेशी वर्षानुवर्षे वाढत राहिल्या की त्यांच्या जनुकांत चुका साठतात. म्हणजे बहुतेक वेळा रिसेप्टरचे जनुक सुरुवातीला शाबूत असते. बिघाड पीटीईएनसारख्या दुसऱ्या जनुकांत होतो. थोड्या रुग्णांत मात्र ईएसआर१ जनुकातच बदल होतो आणि इस्ट्रोजेन नसतानाही कुलूप उघडे राहते. कॅन्सर जास्त आक्रमक होत जातो तेव्हा अनेकदा रिसेप्टरची जनुके बंद पडतात. मग रिपोर्टमध्ये ‘निगेटिव्ह’ येते.

मग पॉझिटिव्ह चांगले की वाईट?

इथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे गाठीच्या पेशींत रिसेप्टर सापडले. ही तपासणी बायोप्सीच्या तुकड्यावर होते, रक्तावर नाही. ईआर-पीआर पॉझिटिव्ह कॅन्सर साधारणपणे हळू वाढतो आणि हार्मोनच्या औषधांना दाद देण्याची शक्यता जास्त असते. निगेटिव्ह असला तरी उपचार असतातच. डॉक्टर स्टेज, ग्रेड आणि पी५३, एमएमआर या तपासण्याही पाहूनच निर्णय घेतात.

याचा उपचारात काय उपयोग?

बहुतेक रुग्णांचा मुख्य उपचार शस्त्रक्रियाच असतो. रिसेप्टरची माहिती दोन ठिकाणी विशेष कामी येते. एक, मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचा कॅन्सर अगदी सुरुवातीचा, कमी ग्रेडचा आणि अस्तरापुरता असेल, तर काही वेळा प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी वापरता येते. त्यात दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा बायोप्सी करावी लागते. ती चुकवून चालत नाही. दोन, आजार पसरला असेल किंवा परत आला असेल, तर हार्मोनचे उपचार हा एक पर्याय असतो.

मुलींना धोका आहे का?

ईआर-पीआरचा निकाल आईच्या गाठीचा आहे. तो मुलीकडे जात नाही. वारशाने येणारा धोका वेगळा, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ किंवा पीएमएस२ या जनुकांत जन्मतः दोष असतो. आईच्या रिपोर्टमध्ये एमएमआर ‘डेफिशियंट’ असेल, किंवा घरात कमी वयात गर्भाशयाचा वा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय सल्ल्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

कॅन्सर होऊ नये म्हणून पिशवी काढून टाकावी का?

नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली होती. पांढरे जाणे किंवा कंबरदुखी एवढ्यावरून “कॅन्सर होईल, पिशवी काढा” असे कोणी सांगितले, तर सोनोग्राफी आणि गरज असल्यास बायोप्सीचा रिपोर्ट मागा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. लिंच सिंड्रोम सिद्ध झालेल्या स्त्रीला मात्र मुले झाल्यावर ही शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेले, अगदी एकदाच आणि डागापुरते गेले तरी.
- पाळी फार जास्त, फार दिवस किंवा मध्येच येत असेल, विशेषतः वय ४० च्या पुढे असेल किंवा वजन जास्त असेल तर.

अस्तराचा कॅन्सर झालेल्या १० पैकी सुमारे ९ स्त्रियांना पाळी गेल्यानंतर असा रक्तस्राव होतो. उलट, पाळीनंतर रक्त गेलेल्या १० पैकी ९ जणींना कॅन्सर नसतो. म्हणून घाबरू नका, पण “उष्णतेने झाले असेल” म्हणून थांबूही नका. लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवा. पुढे मुंबईला टाटा रुग्णालयात किंवा पुण्याला जावे लागले, तर तेच सगळ्यात आधी मागितले जातात.

*ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*