दोनशे सातवी रात्र

“डोक्याला तेल लावून येऊ नका आणि आदल्या रात्री जितकं जागता येईल तितकं जागा.” २७ वर्षं मी हे वाक्य रोज फोनवर सांगत होते. मुंबईतल्या एका रुग्णालयात मी ईईजी तंत्रज्ञ होते. पेशंट तांबारलेल्या डोळ्यांनी यायचे. टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि दिवा मालवून म्हणायचं, “आता झोपा.” त्या काळी यंत्र कागदाचं होतं. घडीचा कागद सरकत राहायचा, शाईची पेनं त्यावर खरखरत राहायची आणि झोपलेल्या माणसाचा मेंदू माझ्यासमोर रेघांतून उतरायचा.

या कामात पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं ते डोळ्यांबद्दल. डोळा ही एक लहानशी बॅटरी आहे. त्याची पुढची बाजू धन आणि मागचा पडदा ऋण. डोळे डावीकडे किंवा उजवीकडे वळले की कपाळाच्या दोन बाजूंची पेनं एकमेकांच्या विरुद्ध उडतात, एक वर आणि एक खाली. मेंदूचा आलेख वाचणाऱ्या डॉक्टरांना हा अडथळा वाटतो. म्हणून आम्ही पेशंटला सारखं बजावायचो, “डोळे हलवू नका.” ज्या रेघेला मी इतकी वर्षं आर्टिफॅक्ट म्हणून बाजूला काढत आले, त्याच रेघेने झोपलेल्या माणसाची साक्ष जगापुढे आणली, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे आमच्याकडे रात्रभर झोप नोंदवायची खोली झाली. घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे पेशंट तिथे यायचे. एकदा पहाटे एका निवृत्त बस कंडक्टरांच्या डोक्यावरची पेस्ट मी कोमट पाण्याच्या कापसाने पुसत होते. ते म्हणाले, “ताई, रात्री स्वप्नात बस चालली होती आणि मला पक्कं ठाऊक होतं की मी इथे झोपलोय, डोक्याला तारा आहेत. म्हटलं, चालू दे बस.” मी ते तंत्रज्ञाच्या शेऱ्यात लिहिलं. वरिष्ठांनी ती ओळ खोडली. म्हणाले, पेशंट अर्धवट जागा असेल. पण त्या वेळचा आलेख मी स्वतः पाहिला होता. गडी गाढ स्वप्नात होता. ती खोडलेली ओळ माझ्या मनातून गेली नाही, आणि तिच्यामुळेच मी या विषयाच्या इतिहासाकडे वळले.

इंग्रजीत याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. मी जाणतं स्वप्न म्हणते. स्वप्न चालू असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं. त्याची जुनी नोंद ॲरिस्टॉटलकडे आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्या पादात स्वप्न आणि निद्रा यांच्या ज्ञानाचा आधार चित्त स्थिर करायला सांगितला आहे. तिबेटी बौद्धांमध्ये नारोपांच्या सहा योगांपैकी एक स्वप्नाचाच आहे. ही परंपरा थोर आहे. पण ती गुरूने शिष्याला द्यायची साधना आहे. कोणत्या रात्री काय घडलं, किती रात्री काहीच हाती लागलं नाही, याचा हिशेब तिथे मिळत नाही. तो ठेवला पॅरिसमधल्या एका मुलाने.

मुलाचं नाव एर्वे द सां-दनी. जन्म १८२२. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने आपली स्वप्नं लिहायला सुरुवात केली. चित्रकलेची आवड होती, म्हणून तो ती रंगवूनही ठेवायचा. अशा २२ वह्या झाल्या आणि त्यांत १९४६ रात्री. पाच वर्षांहून जास्त काळ. सुरुवातीला बऱ्याच सकाळी आठवण कोरी असायची. लिहीत गेला तशी आठवण भरत गेली. पुढे हा मुलगा चिनी भाषेचा मोठा पंडित झाला. थांग काळातल्या कवितांचं फ्रेंच भाषांतर त्याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केलं आणि १८७४ पासून तो कोलेज द फ्रान्समध्ये चिनीचा प्राध्यापक होता. मला मात्र त्या पंडितापेक्षा हा वहीवाला मुलगाच जवळचा वाटतो.

वही सुरू झाल्यावर २०७ व्या रात्री त्याला स्वप्नातच कळलं की आपण स्वप्न पाहतो आहोत. मग २१४ व्या रात्री पुन्हा. त्यानंतर सहा महिन्यांनी पाच रात्रींत दोनदा, वर्षाने चार रात्रींत तीनदा आणि पंधरा महिन्यांनी जवळजवळ रोज. हे कसं घडलं याचं त्याने दिलेलं कारण अगदी साधं आहे. दिवसभर मनात स्वप्नं टिपण्याचा विचार होता, तेव्हा तो विचारच एके रात्री स्वप्नात आला. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपण आजीपासून ऐकत आलो आहोत. या मुलाच्या मनी स्वप्नच वसत होतं.

मोठेपणी त्याने हीच गोष्ट कसोटीला लावली. दक्षिण फ्रान्समधल्या विवारे या डोंगराळ भागात तो काही दिवस राहायला जाणार होता. निघण्याआधी त्याने पूर्वी कधीच न वापरलेलं एक अत्तर घेतलं आणि कुपी बंद ठेवली. विवारेला पोचल्यावर रोज रुमालावर तेच अत्तर. परतताना कुपी पुन्हा बंद. काही महिन्यांनी ती नोकराच्या हवाली केली आणि सांगितलं, मी गाढ झोपेत असताना कधीतरी दोन थेंब उशीवर टाक, कोणत्या रात्री ते मला कळू देऊ नकोस. ज्या रात्री थेंब पडले त्या रात्री स्वप्नात विवारेचे डोंगर आले, चेस्टनटची थोराड झाडं आली. योगायोग असेल म्हणून त्याने हे पुन्हा पुन्हा केलं. मग आणखी पुढे गेला. चित्रकाराच्या स्टुडिओत काम करताना दुसरा एक वास वापरला आणि एका रात्री दोन्ही वास एकत्र उशीवर. स्वप्नात तो विवारेच्या घरी यजमानांबरोबर जेवायला बसला होता, तेवढ्यात दार उघडून त्याचे चित्रकार गुरू आत आले आणि बरोबर स्टुडिओतली मॉडेल. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसं. झोपणाऱ्याला वेळ कळू न देण्याची ही खबरदारी वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसून राहिले. इतकी शिस्त, आणि हाताशी एकही यंत्र नाही.

त्याच्या भयस्वप्नाची हकिकत मी कितीतरी लोकांना सांगितली आहे. भयंकर राक्षस मागे लागायचे आणि तो एकामागून एक दारं उघडत खोल्यांतून पळायचा. पुन्हा पुन्हा तेच स्वप्न. चौथ्या वेळी पळता पळता त्याला कळलं की हे स्वप्न आहे. एरवी त्याने स्वतःला जागं केलं असतं. या वेळी तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्यातल्या मुख्य राक्षसाकडे नीट बघू लागला. तो जुन्या चर्चच्या दारावर कोरलेल्या दैत्यांसारखा दिसत होता. जसजसा तो निरखत गेला तसतसे बाकीचे विरले आणि उरलेल्याचाही जोर ओसरून तो नुसत्या सोंगासारखा झाला. झोपेच्या खोलीत किंचाळत उठणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या दृष्टीने या गोष्टीला किती मोल आहे ते मला ठाऊक आहे.

हे सारं १८६७ मध्ये पुस्तकात आलं. स्वप्नं आणि ती वळवण्याचे उपाय, असं त्याचं नाव. लेखकाने स्वतःचं नाव छापलं नाही. त्या काळी या विषयातलं फ्रान्समधलं मोठं नाव होतं आल्फ्रेद मोरी. झोपेत लक्ष आणि इच्छा दोन्ही लुळी पडतात, असं त्यांचं मत. सां-दनीची वही याच्या नेमकी उलट साक्ष देत होती, पण ती ऐकली कुणी? पुस्तक इतकं दुर्मिळ झालं की फ्रॉइडलाही ते मिळालं नाही. खटपट करूनही हाती आलं नाही असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. फ्रेंचमध्ये ते पुन्हा निघायला १९६४ साल उजाडलं. १९८२ चं इंग्रजी भाषांतर माझ्या भाच्याने मला जुन्या बाजारातून मिळवून दिलं. तेही संक्षिप्त आहे.

मधल्या काळात हॉलंडमध्ये फ्रेडरिक व्हान एडन नावाचा मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक स्वतंत्रपणे हेच करत होता. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ डच भाषेत आणणारा तो हाच. १८९८ ते १९१२ या काळात त्याने आपली ३५२ जाणती स्वप्नं नोंदवली आणि १९१३ मध्ये लंडनच्या एका सभेपुढे त्यावर निबंध वाचला. या स्वप्नांना इंग्रजीत आज जे नाव आहे ते रूढ झालं या निबंधामुळे. त्याच्या एका स्वप्नात टेबलावर दारूचा पेला होता. हे स्वप्न आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याने त्यावर जोरात मूठ मारून पाहिली. पेला फुटला नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर फुटलेला होता. नाटकातल्या नटाने प्रवेश चुकवून उशिरा यावं तसा, असं त्याला वाटलं. असले तपशील रचून सांगता येत नाहीत. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसालाच ते सुचतात.

तरीही पंडितांचा विश्वास बसला नाही. १९५९ मध्ये नॉर्मन माल्कम या तत्त्वज्ञाने आख्खं पुस्तक लिहून मांडलं की ‘मी झोपलो आहे’ हे विधान झोपेत करता येण्याला अर्थच नाही. माझी ओळ खोडणाऱ्या वरिष्ठांचं म्हणणं हेच होतं, फक्त त्यांनी ते चार शब्दांत संपवलं.

दार उघडलं ते शिकागोमुळे. १९५३ मध्ये तिथल्या विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक टप्प्यांत बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या टप्प्यात हातापायांचे स्नायू ढिले पडतात, म्हणून झोपणाऱ्याला बटण दाबून खूण करता येत नाही. डोळे मात्र मोकळे असतात. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठातल्या कीथ हर्न यांनी हे हेरलं. ॲलन वर्स्ली या मुरलेल्या स्वप्नकाराशी त्यांनी ठरवलं की स्वप्न आहे हे कळलं की डोळे डावी-उजवीकडे ठरल्या संख्येने फिरवायचे. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी कागदावर त्या खुणा उमटल्या. बाकीच्या रेघा सांगत होत्या की माणूस झोपेत आहे, आणि डोळ्यांची रेघ सांगत होती की त्याला ते माहीत आहे.

तो कागद सरकत असताना हर्न यांना काय वाटलं असेल याची कल्पना मी बरोबर करू शकते. रात्रभराची नोंद म्हणजे सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने आठ तासांत २८८ मीटर कागद. त्यावर झोपेतले डोळे कसेही, अनियमित उडत असतात. त्या गर्दीत मोजून मारलेल्या, सारख्या अंतराच्या, सारख्या उंचीच्या खुणा दिसणं म्हणजे अंधारात कुणीतरी दारावर टकटक करण्यासारखं आहे.

थोड्याच वर्षांत अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं आणि १९८१ मध्ये ते छापून आलं. लाबर्जनी शिकण्याची रीतही बांधून दिली. पहाटे स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न पूर्ण आठवायचं, पुन्हा झोपताना मनाशी धरायचं की पुढच्या स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ हे मला आठवेल, आणि त्याच स्वप्नात स्वतःला जाणता झालेला पाहायचं. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार गटांनी ३६ जणांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यात झोपलेल्या माणसाला बाहेरून प्रश्न विचारले गेले. एकाला आठ वजा सहा किती असं विचारलं आणि त्याने डोळ्यांनी दोन खुणा केल्या. १५८ प्रयत्नांपैकी १८.४ टक्के उत्तरं बरोबर आली. आकडा लहान दिसतो. माझ्या मते तो प्रचंड आहे.

एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. हल्ली हे शिकवताना झटपट उपाय पुढे केले जातात, मध्यरात्री गजर लावून उठायचं, झोप तोडायची. ज्यांना फिट येते त्यांनी हे अजिबात करू नये. आम्ही फिटच्या पेशंटना मुद्दाम जागवून बोलवायचो ते झोप मोडली की मेंदूतला दोष वर येतो म्हणूनच. ज्यांची झोप किंवा मन आधीच अस्वस्थ आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. सां-दनीच्या मूळ अभ्यासाला वही आणि चिकाटी पुरली होती.

निवृत्त झाले त्या आठवड्यात मी दोनशे पानी वही घेतली. पहिले दीड महिने बहुतेक पानांवर ‘आठवत नाही’ एवढंच आहे. माझं पहिलं जाणतं स्वप्न ३११ व्या रात्री आलं. आमच्या जुन्या चाळीच्या गॅलरीत आई तांदूळ निवडत बसली होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं, आणि त्यामुळेच कळलं. मी काहीही बदललं नाही. शेजारी बसले आणि सुपातले खडे वेचले.

तुम्हाला शिकायचं असेल तर उशाशी वही ठेवा. तारीख आदल्या रात्रीच घालून ठेवा. सकाळी कूस बदलण्याआधी, फोन हातात घेण्याआधी, जे आठवेल ते लिहा. काहीच आठवलं नाही तर तेही लिहा. आणि घरातलं कुणी सकाळी म्हणालं की रात्री मला स्वप्नात कळत होतं, तर त्याची ओळ खोडू नका.