छातीतला तंतू आणि जुने हजेरीपट

आमच्या वाशीम जिल्ह्यात ॲस्बेस्टॉस हा शब्द क्वचितच ऐकू येतो. आम्ही म्हणतो सिमेंटचे पत्रे. गोठ्यावर, गोदामावर, एखाद्या शाळेच्या वऱ्हांड्यावर ते दिसतात. नुसते पत्र्याखाली बसणाऱ्यापेक्षा तो कापणाऱ्याला, आणि कारखान्यात तंतू पिंजणाऱ्याला धोका कितीतरी अधिक.

हा तंतू श्वासाबरोबर आत जातो, फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचतो आणि २०, ३०, कधी ४० वर्षांनी तिथे कर्करोग होतो. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. छातीत पाणी होते, दम लागतो, कूस दुखते. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की आधी टीबीचा संशय येतो, आणि तो वावगाही नाही. पण त्या गोळ्यांनी पाणी हटेना, तर आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. हा आजार सहसा बरा होत नाही. पाणी काढणे, किमोथेरपी, वेदनेवरची औषधे यांनी उरलेले दिवस सुसह्य होतात, आणि तेही थोडे नव्हे.

या धुळीची कहाणी जुनी आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ १९२४ साली फुप्फुसे निकामी होऊन वारली. कंपनीने भरपाई नाकारली. १९३१ साली ब्रिटनमध्ये धुळीविरुद्ध नियम झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३४ मध्ये, त्याच टर्नर समूहाच्या भांडवलावर मध्य भारतात कैमोरला सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो आली. मायदेशातले नियम बोटीत चढले नाहीत, माल तेवढा चढला! १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर व सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवून ॲस्बेस्टॉसशी त्याचे नाते दाखवले. मुंबईच्या एका कारखान्यातील कामगार डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासले. त्यांचा अहवाल २००५ साली आला. पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे याच धुळीने फुप्फुसे घट्ट होण्याचा आजार, निघाला.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ॲस्बेस्टॉस कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपावी. आजार ठरल्यास कारखान्याने एक लाख रुपये द्यावेत. आम्हा शिक्षकांना यातले मर्म लगेच कळते, कारण शाळेचे जनरल रजिस्टर कायम जपावे लागते. पण ज्याचे नाव मस्टरवर कधी चढलेच नाही, त्या ठेकेदाराच्या मजुराची नोंद कुठून आणणार? शिवाय आमच्या भागात एकाच माणसाचे आडनाव एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर नुसते 'शे.' असते. मुंबईत उमेद घालवून मंगरूळपीर वा कारंजाला परतलेल्या म्हाताऱ्याच्या पेटीत ईएसआयचे कार्ड, पीएफची पावती, जुना गेटपास असेल, तर पोरांनी तो रद्दीत घालू नये. डॉक्टरलाही एक्स-रेच्या आधी तोच दाखवावा.