थांबवावे की लिहवून घ्यावे?

गणकयंत्राच्या आज्ञावलीत चूक शिरली, तर ती हुडकावी कशी? यंत्र मध्येच थांबवून त्याच्या पोटात पाहावे, की ते चालते ठेवून त्याच्याकडूनच टिपण लिहवून घ्यावे? हा वाद यंत्राइतकाच जुना आहे.

थांबवण्याची रीत प्रथम अगदी हाताची होती. फिलाडेल्फियातील एनिअ‍ॅक यंत्र १९४६ साली लोकांपुढे आले. त्याची आज्ञावली तारा जोडून मांडावी लागे. नेमकी तार काढून गणित हवे तेथे थांबवावयाचे, ही युक्ती बेटी होल्बर्टन यांच्या नावावर आहे. ‘ब्रेकपॉइंट’ तो हाच.

इंग्लंडात केंब्रिजचे एडसॅक ६ मे १९४९ रोजी चालू झाले. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांच्या १२६ आज्ञांच्या एका आज्ञावलीत सुमारे वीस चुका निघाल्या! उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना त्याच वर्षी उमगले. प्रारंभी मंडळी बटण दाबून एकेक आज्ञा चालवीत आणि पडद्यावरील ठिपके निरखीत. याला ते ‘डोकावणे’ म्हणत. परंतु सेकंदास सुमारे ६५० आज्ञा पाळणारे ते यंत्र एका माणसाच्या विचारापायी खोळंबून राही, आणि बाकीचे ताटकळत. स्टॅन्ले गिल यांनी १९५१ च्या आपल्या निबंधात निराळा उपाय मांडला. त्यांची तपासणी-आज्ञावली मूळ आज्ञा क्रमाने पाळीत जाई व प्रत्येकीचे अक्षर टेलिप्रिंटरवर छापी. कागद घेऊन माणूस आपल्या टेबलाशी जाई. यंत्र दुसऱ्यास मोकळे होई. आम्हां कारकुनांना यात फाईलवरील टिप्पणीच दिसते. दोषही तोच: छपाई मंद, आणि जे लिहावयास सांगितले नाही ते कागदावर कधीच सापडावयाचे नाही. हवे तेवढेच वगळलेल्या टिप्पण्या आम्ही काय थोड्या पाहिल्या?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत १९५८ साली टीएक्स-झीरो हे यंत्र उसने आले. तेथे आपल्या पाळीपुरते यंत्र एकट्याचे असे. मग थांबण्याची चैन परवडू लागली. स्टॉकहॅम व डेनिस यांनी १९६० च्या सुमारास ‘फ्लिट’ रचले. टंकयंत्रावरून थांबे घालावेत, यंत्रातील अंक वाचावेत, बदलावेतही. फ्लिट हे नाव कीटकनाशकाचेच. पुढील अशाच साधनास डीडीटी म्हणत!

आता यंत्र प्रत्येकाच्या मेजावर आहे, तेव्हा थांबवण्याला कोणाची हरकत नाही. मात्र गावी जाण्याकरिता आपण सारे ज्या रेल्वे-आरक्षणाशी झगडतो, ते चालू असता एका चुकीपायी कोण थांबवील? तेथे पुन्हा लिहवूनच घ्यावे लागते.