किराण्याचे राजवाडे

किल्ला, देऊळ किंवा वाडा यांचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण सरसावून बसतो. पण किराण्याच्या दुकानाचा इतिहास? मीठमिरची घ्यायची, पैसे द्यायचे, पिशवी उचलून घरी यायचं. त्यात इतिहास कसला, असं आपल्या मनात येणं साहजिक आहे. तरीही आज अशाच काही दुकानांची हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहे. ही दुकानं अमेरिकेच्या आग्नेय टोकाला, फ्लॉरिडा राज्यात आहेत. त्यांचं नाव 'पब्लिक्स'.

पूर्वी अमेरिकेतही दुकानाची रीत आपल्या वाण्याच्या दुकानासारखीच होती. फळीच्या अलीकडे गिऱ्हाईक आणि पलीकडे दुकानदार. आपण जिन्नस सांगायचा, त्याने तो मोजून बांधून द्यायचा. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिग्ली विग्ली' नावाचे दुकान काढले आणि ही मधली फळीच काढून टाकली. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन आत हिंडावे, हवा तो जिन्नस स्वतःच्या हाताने उचलावा आणि बाहेर पडताना पैसे चुकते करावे, अशी ही नवी व्यवस्था. आज आपल्याला तिचं काही वाटत नाही, पण त्या वेळी ती क्रांतीच होती.

या 'पिग्ली विग्ली'च्या फ्लॉरिडातल्या विंटर हेवन गावच्या दुकानात जॉर्ज जेन्किन्स नावाचा तरुण व्यवस्थापक होता. दुकानाची मालकी बदलली, तेव्हा नव्या मालकांना भेटायला तो मोटार हाकीत थेट अटलांटाला गेला. साहेब महत्त्वाच्या बैठकीत आहेत, असा निरोप मिळाला. पण आतून ऐकू येत होत्या त्या गोल्फच्या गप्पा! कंपनीच्या इतिहासात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. जेन्किन्स परतला, त्याने नोकरी सोडली आणि १९३० साली, ऐन मंदीत, जुन्या दुकानाच्या शेजारीच स्वतःचे दुकान थाटले. 'पब्लिक्स' हे नाव त्याने चित्रपटगृहांच्या एका साखळीवरून उचलले. कारण काय, तर ते कानाला बरं वाटलं!

खरी मजा पुढेच आहे. १९४० साली त्याने नारिंगांची बाग गहाण टाकली आणि विंटर हेवनमध्येच एक मोठी, नव्या धर्तीची इमारत उभी केली. तिला तो अन्नाचा राजवाडा म्हणे. गुळगुळीत टेराझोची जमीन, नळीच्या दिव्यांचा लख्ख उजेड, माणूस जवळ येताच आपोआप उघडणारी दारे आणि फ्लॉरिडाच्या उकाड्यात थंडगार हवा. ज्या बाईच्या घरी साधा पंखा असेल-नसेल, तिला तासभर या गारव्यात हिंडायला मिळे. राजवाड्यातलं सुख मिठाच्या पुड्याच्या किमतीत, असंच म्हणा ना!

पण या सुखाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. त्या काळच्या फ्लॉरिडात वर्णभेदाचे कायदे लागू होते. दुकानाची दारं आपोआप उघडत होती, त्याच दिवसांत गोऱ्यांच्या शाळांची दारं काळ्या मुलांना बंद होती. जुन्या इमारतीकडे कौतुकाने बघताना हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

१९४५ साली जेन्किन्सने लेकलंड येथील एका कंपनीची १९ दुकाने विकत घेतली आणि पुढे मुख्य कचेरीही तिथे हलवली. मग मोटारी वाढल्या. भरधाव जाणाऱ्या माणसाला पाटी वाचायला सवड कुठली? तेव्हा इमारतीनेच दुरून हाक मारली पाहिजे. म्हणून १९५० नंतरच्या दुकानांच्या दर्शनी भागावर पंख पसरल्यासारखे आकार आले आणि रात्री ते निऑनच्या दिव्यांनी उजळू लागले. लेकलंडच्या साउथगेट बाजारसंकुलावर १९५७ साली एक उंच कमान झेपावली. १९९० सालच्या 'एडवर्ड सिझरहँड्स' या चित्रपटातली काही दृश्ये याच संकुलात घेतली आहेत. ती कमान अजून उभी आहे आणि तिच्या आसऱ्याने दुकानही चालू आहे.

मात्र असं भाग्य थोड्याच इमारतींच्या वाट्याला आलं. आज 'पब्लिक्स'चा पसारा आठ राज्यांत आहे. नवे दुकान बहुधा ४५,००० चौरस फुटांच्या घरात असते. जुन्या राजवाड्यात एवढा माल मावायचा कसा? त्यामुळे काही इमारतींत दुसरीच दुकाने आली, काहींचे पंख उतरवले गेले, तर काही खुद्द कंपनीनेच पाडून त्या जागी मोठ्या इमारती बांधल्या.

आपण म्हणाल, सरकार काय करतं? अमेरिकेत ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात नाव लागायला इमारत साधारणपणे ५० वर्षांची असावी लागते. पण दुकान तेवढं वय गाठायच्या आतच धंद्याला अपुरं पडू लागतं. शिवाय नुसत्या नोंदीने खासगी मालकाचा हात धरता येत नाही. ती इमारत तो पाडू शकतो. दोष तरी कुणाला द्यावा? वाढत्या धंद्याच्या जोरावर जी इमारत उभी राहिली, तिला त्याच धंद्याच्या वाढीने खाली ओढलं.

एक छोटी गोष्ट सांगून हे पुरं करतो. 'पब्लिक्स'च्या दारापाशी एक मोठा गोल तबकडीचा वजनकाटा असतो. माल तोलायला नव्हे, तर गिऱ्हाइकाने स्वतःचं वजन करावं म्हणून, आणि तेही फुकट! लहान पोरं त्यावर चढतात, पुढे त्यांची पोरं चढतात. कारखान्याने ते काटे बनवणं थांबवलं, तरी कंपनी जुनेच दुरुस्त करून वापरते. म्हणजे लोकांचा जीव कशात गुंततो हे तिला ठाऊक नाही, असं नव्हे. काट्याइतकीच माया इमारतींवरही दाखवली गेली असती, तर आणखी काही राजवाडे आज उभे दिसले असते.

राजांचे वाडे जतन करायला पुष्कळ जण पुढे येतात. ज्या वाड्यात सामान्य माणूस हातात पिशवी घेऊन शिरला, तो जपायचा की नाही हे त्या सामान्य माणसानेच सांगायला हवं, आणि तेही इमारत उभी आहे तोवरच.